पाठीवरचं दुसरं शरीर

एक हिशेब करून पाहू. साठ किलो वजनाचा माणूस, पाठीवर पाच किलोची सॅक आणि समोर सहाशे मीटरची चढण. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांवर जायला साधारण एवढं चढावं लागतं. पासष्ट किलो वजन सहाशे मीटर वर न्यायचं तर सुमारे ९० किलोकॅलरींचं काम होतं. एका पोळीतून मिळते तेवढीच ही ऊर्जा. पण आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात. म्हणजे ९० किलोकॅलरींचं काम करताना २७० किलोकॅलरी उष्णता तयार झाली. आता समजा, या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसती, तर गडाच्या दरवाजाशी पोहोचेपर्यंत या माणसाचं अंग किती तापलं असतं?

जवळपास साडेपाच अंशांनी. ३७ वरून थेट साडेबेचाळीसवर. एवढा ताप म्हणजे जिवाशी गाठ!

आणि तरीही दर रविवारी हजारो माणसं गड चढतात, वर पोहोचून डबा उघडतात, गप्पा मारतात. त्यांना वाचवणारी गोष्ट त्यांच्या कपाळावरून ओघळत असते आणि ती ते रुमालानं पुसून टाकतात. एक लिटर घामाची वाफ होताना ती अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता उचलून नेते. म्हणजे त्या अख्ख्या चढणीची उष्णता घालवायला अर्धा लिटर घाम पुरेसा आहे! आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत आणि सगळ्या मिळून उन्हाळ्यातल्या माठाचं काम करतात. आतलं पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. इतकी जबरदस्त घाम-यंत्रणा प्राणिसृष्टीत फार थोड्यांकडे आहे.

फक्त एक अट आहे. घाम उडायला हवा. जो घाम वाफ न होता थेंबाथेंबानं जमिनीवर पडतो, तो काहीच थंड करत नाही. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या दमट सकाळी, कारवीच्या रानात वारा पडलेला असताना, हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडायला जागा उरत नाही. अंग मात्र थांबत नाही. ते आणखी घाम काढतं, तो आणखी ओघळतो. दमट हवेतल्या दमदार चढणीत तासाला एक ते दीड लिटर पाणी असं निघून जाऊ शकतं. अर्धा लिटर कामाचं, बाकीचं वाया.

आणि इथेच सॅकची गरज सुरू होते. एका दिवसाच्या ट्रेकला जाताना आपण जे जे भरतो, ते नीट पाहिलं की लक्षात येतं: शरीराची एकेक अफाट यंत्रणा जिथे हात टेकते, नेमकी तिथून पुढची जबाबदारी त्या सॅकमधल्या एकेका वस्तूनं उचललेली असते. घामाचं पाणी संपतं तिथे बाटली. डोळ्यांचा उजेड संपतो तिथे टॉर्च. गळ्याचा आवाज संपतो तिथे शिट्टी. ही सॅक म्हणजे आपलंच उरलेलं शरीर आहे, पाठीवर बांधलेलं.

डोंगरात काय न्यावं याची जगातली सर्वांत प्रसिद्ध यादी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात तयार झाली. ‘द माउंटेनिअर्स’ ही तिथली जुनी गिर्यारोहण संस्था. तिच्या शिक्षणवर्गात १९३० च्या दशकात ‘दहा आवश्यक वस्तू’ शिकवायला सुरुवात झाली आणि १९७४ मध्ये त्या संस्थेच्या पाठ्यपुस्तकात ती यादी छापली गेली. नकाशा, होकायंत्र, गॉगल, जादा कपडे, टॉर्च, प्रथमोपचार, काड्यापेटी वगैरे. त्या यादीमागचे प्रश्न दोनच आहेत. काही विपरीत घडलं तर तुम्हाला निभावता येईल का? आणि ठरलं नसताना एक रात्र उघड्यावर काढावी लागली तर? प्रश्न अचूक आहेत, पण ती यादी बर्फाच्या डोंगरांत जन्मली. सह्याद्रीत तिचा क्रम बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. इथे पहिला नंबर पाण्याचा. आणि काड्यापेटी मी यादीतून सरळ काढून टाकीन. डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की अख्खा डोंगर वणव्यात जातो.

पाण्याचं महत्त्व या डोंगरातल्या माणसांना किती आधीपासून कळलं होतं, ते पाहायला नाणेघाटात जा. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातून घाटमाथ्यावर येणारी ही व्यापारी वाट. सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख तिथल्या लेण्यात आहे. आणि त्या लेण्याच्या आसपास काळ्या कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. चढण संपते तिथेच! अंगातलं पाणी आटतं, त्याच टप्प्यावर कुणीतरी छिन्नी-हातोड्यानं पाण्याची सोय करून ठेवली. गडागडांवर हेच दिसतं. लाव्हाच्या थरांतला अखंड, घट्ट कातळ पाणी सहजी झिरपू देत नाही, म्हणून त्यात खोदलेलं टाकं पावसाळ्यात भरतं आणि पुढे महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवतं. आज मात्र कोणतं टाकं पिण्याजोगं आहे, कोणतं शेवाळलं, कोणतं फेब्रुवारीतच आटलं, हे पायथ्याच्या गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. टाक्यावर विसंबण्यापेक्षा माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघावं. वजन तीन किलो होतं, हे खरं. पण सॅकमधलं हे एकच वजन असं आहे की जे दर तासाला कमी होत जातं.

घामाबरोबर फक्त पाणी जात नाही. उतरून आल्यावर काळ्या टी-शर्टच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटलेले तुम्ही पाहिले असतील. ते मीठ. माणसागणिक कमी-जास्त, पण लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. आता नुसतं पाणीच पीत राहिलात तर? रक्तातलं सोडियम पातळ होत जातं, पाणी पेशींमध्ये शिरायला लागतं, आणि मेंदूच्या पेशी फुगल्या तर डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. अति झालं तर तेही जिवावर बेततं. पाणी पिऊन आजारी पडता येतं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते!

म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात ती काही रुपयांची पुडी ठेवायची. ओआरएस. तिच्यात काय दडलंय, ते सांगायला मला फार आवडतं.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या भिंतीवर प्रथिनांचे सूक्ष्म दरवाजे आहेत. त्यांतला एक दरवाजा विलक्षण हट्टी आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले तरच तो उघडतो. एकटं मीठ आलं तर या दाराबाहेर थांबतं, एकटी साखर आली तर तीही थांबते. दोघं मिळून आत शिरले की त्यांच्या मागोमाग पाणी खेचलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना मांडली. तेव्हा ती पेशींच्या अभ्यासकांपुरती बाब होती.

मग १९७१ साल उजाडलं. बांगलादेश मुक्तियुद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं जमिनीवर पडून मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवलं, मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून सरळ पाजायचं. पिंपांमध्ये द्रावण भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं! तोच हट्टी दरवाजा, तेच दोन कण आणि एक रेणू. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि कोट्यवधी जीव वाचवणारी ती युक्ती आज आपल्या सॅकमध्ये २०.५ ग्रॅमच्या पुडीत पडून असते. फक्त एवढं पाळा: पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत ओतलीत तर द्रावण इतकं तीव्र होतं की आतड्यात शिरण्याऐवजी पाणी उलट बाहेर खेचलं जाऊ शकतं.

गडाच्या वाटेवर छपरीखाली बसलेली एखादी मावशी मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत विकत असते ना? तिच्या पेल्यातलं सरबतही त्याच दरवाजातून आत जातं. प्रमाण पुडीइतकं मोजून-मापून नसतं, पण तत्त्व तेच.

खाण्याचं गणित त्यामानानं सोपं आहे. स्नायू आणि यकृत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे दोनेक हजार किलोकॅलरी. दिवसभराच्या चढउतारात हा साठा तळाला जाऊ शकतो, आणि तसा तो गेला की पाय शिशाचे होतात. चरबी अंगात भरपूर असते, पण ती हळूहळू जळते, घाईच्या चढणीला पुरी पडत नाही. म्हणून चिक्की. गुळाची साखर लगेच रक्तात, शेंगदाण्यातलं तेल पुढच्या दोन-तीन तासांसाठी. दोन वेगांची ऊर्जा एकाच वडीत, शिवाय उन्हात फारशी वितळत नाही आणि पावसात भिजली तरी खाता येते. भूक लागायच्या आधी खाल्लेली चिक्की भूक लागल्यावर खाल्लेल्या डब्यापेक्षा कामाची.

आता माथ्यावर या. घाम निथळतोय, टी-शर्ट चिंब आहे, आणि बुरुजावर वारा सुटलाय. किती छान वाटतं! पहिली पाच मिनिटं. मग दात वाजायला लागतात. काय झालं? ज्या घामानं चढताना वाचवलं, तो आता उलटला. चढण संपली, स्नायूंची भट्टी विझली, पण सुती कापडात साठलेलं पाणी अजून उडतंच आहे आणि वारा त्याला जोर देतो आहे. शिवाय कोरड्या कपड्यात अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, तिची जागा आता पाण्यानं घेतली, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. उंचीचा वाटाही त्यात मिळवा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईवर समुद्रकाठापेक्षा दहा अंशांनी थंडी जास्त. जुलैतला पाऊस, वारा आणि ओला कपडा एकत्र आले की याच आपल्या उष्ण प्रदेशात शरीराचं तापमान धोक्याच्या रेषेखाली, ३५ अंशांच्या खाली जाऊ शकतं. त्याला बर्फ लागत नाही.

कापूस असा का वागतो? त्याचा तंतू सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ. पाणी तंतूच्या आत शिरून बसतं. पॉलिएस्टरचा तंतू मात्र स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल घेत नाही, पाणी त्याच्या वरवर पसरतं आणि उडून जातं. म्हणून चढताना अंगात ड्रायफिट टी-शर्ट, आणि सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा शर्ट. माथ्यावर पोहोचल्यावर तो घालायचा. दोनशे ग्रॅमच्या त्या शर्टाइतकी मोठी गोष्ट सॅकमध्ये दुसरी क्वचितच असेल.

पण खरा चमत्कार पाहायचा तर धनगराच्या खांद्यावर पाहा. घोंगडी! दख्खनी मेंढीच्या लोकरीचं हे जाड, खरबरीत वस्त्र भर पावसात माणूस पांघरून उभा राहतो आणि आत उबदार असतो. कसा? लोकरीच्या तंतूवर बाहेरून खवल्यांचं तेलकट आवरण असतं, त्यावरून पावसाचा थेंब घरंगळून जातो. आणि त्याच तंतूचा गाभा मात्र हवेतली वाफ शोषतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी, तरी हाताला ओला लागत नाही. आता खरी मौज. वाफेचे रेणू लोकरीच्या आत जाऊन चिकटतात तेव्हा उष्णता बाहेर पडते. म्हणजे कोरडी घोंगडी ओलसर होत असताना स्वतः ऊब तयार करते! हजारो वर्षं मेंढरांमागे पावसात फिरणाऱ्यांनी याचं रसायनशास्त्र कुठे शिकलं नव्हतं, पण वस्त्र अचूक निवडलं.

रेनकोटची गोष्ट वेगळी. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एक जोराचा झटका दिला. ती तुटायला हवी होती, पण कितीतरी पट लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबाला शिरता येणार नाही इतकी लहान, पण वाफेच्या रेणूला सहज बाहेर पडता येईल इतकी मोठी. जगभरचे महागडे ‘श्वास घेणारे’ रेनकोट त्यातून आले. तुम्ही तसा घेणार असाल तर एवढं लक्षात घ्या: आतली वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. जुलैत भीमाशंकरच्या धुक्यात कोरडी हवा कुठून आणणार? तिथे तुम्ही भिजणारच. तेव्हा पैसे रेनकोटवर उधळण्यापेक्षा सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी लावा आणि सगळं सामान त्यात भरा. बाहेरून चढवायचं कव्हर वाऱ्यानं उडतं, पाठीकडून पाणी आत येतं. आतली पिशवी दगा देत नाही.

सॅक भरतानाही एक गंमत आहे. पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया डोक्यावर किंवा कपाळपट्ट्यानं ओझं नेतात. १९८६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्यांची ऊर्जा मोजली, आणि शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचं ओझं त्या जवळजवळ फुकट नेतात असं दिसलं! त्यांची चाल लंबकासारखी असते, एका पावलाची ऊर्जा पुढच्या पावलाला मिळते. आपल्याकडे डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाया आठवा. तुम्हा-आम्हाला ते जमणार नाही, पण पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये पाठीला चिकटून, खांद्याच्या जवळ ठेवल्या की ओझं मागे ओढत नाही. तळाशी किंवा बाहेरच्या खिशात लोंबकळणाऱ्या बाटल्या दर पावलाला तुम्हाला मागे खेचतात.

उतरणीची भीती कुणाला वाटत नाही, आणि बहुतेक पाय उतरतानाच मोडतात. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना तुमचं वजन पेलतो, ब्रेक लावतो. ताणाखाली केलेल्या या कामानं त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. म्हणूनच गड चढलेल्याचे पाय सोमवारी-मंगळवारी जिना ‘उतरताना’ बोंबलतात. पायथ्याच्या गावात मिळणारी वेताची किंवा बांबूची काठी गुडघ्यावरचा भार हातांकडे वळवते. घसाऱ्यावर ती तिसरा पाय होते.

आणि पायांत? १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर वादळात अडकून सहा गिर्यारोहक गेले. त्यांचे मित्र विताले ब्रामानी तिथे होते. चढाईसाठी पायांत घातलेले नमद्याच्या तळाचे हलके जोडे बर्फावर आणि थंडीत कुचकामी ठरले होते. ब्रामानींनी ध्यास घेतला, कातळ आणि बर्फ दोन्हीवर चालेल असा एकच तळवा बनवायचा. १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळवा आला, तोच व्हिब्रम. १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिली पावलं उमटली ती याच तळव्याची. रबराचं रहस्य असं की ते दगडाच्या बारीक उंचवट्यांमध्ये दबून शिरतं आणि सावकाश मूळ आकारात येतं. या दबण्या-उठण्यात जी ऊर्जा खर्च होते, तीच पकड. आपला काळा खडबडीत बेसॉल्ट कोरडा असताना रबराला असा धरतो की उभ्या पायऱ्याही सुरक्षित वाटतात. पण शेवाळ आलं की खडबडीतपणाच बुजतो, आणि मग कुठल्याही कंपनीचं रबर काही करू शकत नाही. हिरवा दगड दिसला की त्यावर पाय ठेवायचाच नाही. नवे बूट आधी आठवडाभर रस्त्यावर वापरा.

काही गोष्टी न नेणं हीदेखील तयारी. उदाहरणार्थ, सेंट. कातळकड्यांवर आग्या मधमाश्यांची मोठाली पोळी लटकलेली असतात, आणि उग्र वास त्यांना डिवचू शकतो. मधमाशी डंख मारते तेव्हा धोक्याचा इशारा देणारं एक रसायन सोडते, त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो! त्या वासावर बाकीच्या धावून येतात. म्हणून एक डंख बसला की झटापट न करता तोंड झाकून तिथून लांब पळायचं. प्रथमोपचारात क्रेप बँडेज असू द्या, मुरगळलेल्या घोट्याला ते लागतं. साप चावला तर मात्र सॅकमधलं काहीच उपयोगाचं नाही. कापणं, चोखणं, आवळून बांधणं सगळं घातक. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात पोहोचवायचं.

आता उन्हं कलली. आपल्या अक्षांशांवर सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ बुडतो, युरोपसारखा तिरका रेंगाळत नाही. त्यामुळे सूर्यास्तानंतर वाचण्याइतका उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, आणि रानात त्याहून कमी. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला मात्र अर्धा तास लागतो, कारण डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रसायन सावकाश तयार होतं. उजेड लवकर जातो, डोळे उशिरा तयार होतात. ही मधली फट बुजवायला टॉर्च. तिचा दिवा बंद असताना आत निरखून पाहा. पिवळा ठिपका दिसेल. पांढऱ्या उजेडाचा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरचा पिवळा लेप निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा भासतो. तो निळा एलईडी बनवायला दशकं लागली, त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. कपाळावर बांधायची टॉर्च हात मोकळे ठेवते. पण वाटेतले खड्डे-दगड ओळखू येईनात तर ती काढून कमरेजवळ धरा. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्याच दिशेनं जातो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत. खालून टाकलेल्या उजेडात प्रत्येक दगडाची सावली उमटते आणि वाट उठून दिसते.

मोबाइलची टॉर्च आहेच की, असं म्हणू नका. मोबाइल वाचवायचा असतो. डोंगरात रेंज नसली की तो टॉवर शोधण्यात बॅटरी संपवतो. घरून नकाशा उतरवून घ्या आणि वाटेत फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं, कारण त्यासाठी फोन फक्त ऐकतो. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांच्या घड्याळांची हाक ऐकून तो तुमची जागा काढतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही चूक सुधारली नाही तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरनं चुकेल. ती सुधारलेली असते म्हणून तुम्हाला खिंड सापडते!

आणि वाट चुकलीच, धुकं उतरलं, पाय मुरगळला, तर शिट्टी. ओरडून गळा काही मिनिटांत बसतो. शिट्टी श्वास आहे तोवर वाजते. पण तिची खरी जादू ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. अशी नळी तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजाला सर्वांत जास्त घुमते. त्यामुळे आपला कान नेमक्या त्या पट्टीतल्या आवाजांना सर्वाधिक तीक्ष्ण असतो. आणि साधी प्लॅस्टिकची शिट्टी वाजते ती त्याच पट्टीच्या आसपास! जणू शिट्टी कानाच्या मापानं बनवली. संकटाची खूणही ठरलेली आहे. ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये सुचवलेली: मिनिटाला सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. शिट्टी सॅकच्या आत नको, खांद्याच्या पट्ट्याला बांधा. पडलात आणि सॅक उघडता आली नाही तरी ती तोंडाशी असते.

एक वस्तू अशी आहे की तुम्ही बेशुद्ध असलात तरी ती काम करते, आणि ती सॅकमध्ये नसते. घरी ठेवलेली चिठ्ठी. कुठला गड, कुठल्या गावातून वर, कुठल्या वाटेनं खाली, बरोबर कोण, किती वाजता फोन येईल. वेळ कशी काढायची? स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सपाटीवर सहा किलोमीटर आणि चढ सहाशे मीटर असेल तर सव्वादोन तास फक्त वर जायला, न थांबता. सह्याद्रीच्या उन्हात, गप्पा आणि फोटो धरून, मी त्याची दीडपट करते. ती वेळ टळून दोन तास झाले आणि फोन आला नाही, तर घरच्यांनी ११२ फिरवायचं आणि पायथ्याच्या गावात ओळख असेल तर तिथे कळवायचं. आणि तुम्ही सुखरूप उतरलात तर गाडीत बसायच्या आधी घरी फोन करा. नाहीतर तुम्ही एसटीत झोपलेले असताना गावातली माणसं टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला गडावर चढत असतील.